बाबांनी हात लावलेल्या भिंती

फेब्रुवारी उलटायला लागला की कुवेतमधल्या इमारती नटतात. गल्फ रोडवरच्या काचेच्या मनोऱ्यांवर दिव्यांच्या माळा सुटतात, गाड्यांच्या बॉनेटवर झेंडे ताणले जातात, आणि आमच्या जाब्रियातल्या दवाखान्यात एक्स-रे विभागाच्या दारावर फुग्यांची कमान लागते. तिच्याखालून लोक मोडलेले हात गळ्यात अडकवून आत येतात. समारंभाला कुठल्याही जागेचं वावडं नसतं, हे मी या कमानीवरून शिकलो. हवा मात्र या दिवसांत खरोखर सुंदर असते. सकाळी अंगात स्वेटर, दुपारी तोच हातावर. राई नावाच्या भागातल्या बाजारात वाळवंटातले फगा येतात. बटाट्यासारखे दिसणारे, ओल्या मातीच्या वासाचे कंद. लोक ते हातात घेऊन, वास घेऊन, दागिन्यासारखे पारखून घेतात. मग राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या जोडून येतात आणि ज्याला जमेल तो कुठेतरी निघतो.

आम्हीही एका फेब्रुवारीत निघालो होतो. सात वर्षं झाली त्याला. परवा सईनं, म्हणजे माझ्या मुलीनं, कॅनडातल्या तिच्या वसतिगृहातून जुने फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘लूक व्हॉट आय फाउंड’. मराठीत तिला सगळं समजतं. उत्तर फक्त इंग्रजीत येतं. फोटो मेक्सिकोचे होते. मागे पिरॅमिड, पुढे आम्ही. मी, माझी बायको मुग्धा, बारा वर्षांची सई आणि माझे वडील. शेजारी आमचे डॉक्टर, दोरीवाली टोपी घातलेले, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो.

फोटो मी ओळीनं पाहत गेलो. पहिल्या दोन दिवसांच्या फोटोंत बाबांचे हात कुठे ना कुठे लागलेले आहेत. एखाद्या खांबाला, पायरीच्या कडेला, भिंतीतल्या एका दगडाला. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोटोत ते पाठीमागे बांधलेले आहेत. शाळेच्या गटफोटोत हेडमास्तर उभे राहतात तसे. सईच्या हे लक्षात आलं नसावं. मला कारण माहीत होतं.

*

बाबा गवंडी होते. कुडाळजवळच्या आमच्या गावात चिऱ्याची घरं बांधत बांधत ते कुवेतला आले आणि एकोणीस वर्षं इथं राहिले. खैतानमधल्या एका खोलीत आठजण. दोन वर्षांनी दोन महिने रजा. माझं त्यांच्याजवळचं बालपण त्या दोन-दोन महिन्यांचं मिळून जेमतेम दीड वर्ष भरतं; बाकीचं आईजवळ गेलं. त्यांच्या हातून सबाह अल-सालेम या वस्तीतली घरं उभी राहिली. दर्शनी दगडाचं काम त्यांच्याकडे असे. काँक्रीटच्या सांगाड्यावर बाहेरून घडीव दगडाचा थर चढवायचा, सांधे असे जुळवायचे की मालकाला आपण दगडी वाड्यात राहतो असं वाटावं. तो पैसा गावी यायचा आणि त्यातून मी शिकलो. रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला, पुस्तकं वाचायची सवय लावून घेतली आणि शेवटी त्याच कुवेतमध्ये, पण वातानुकूलित खोलीत, नोकरीला लागलो.

आई गेल्यावर बाबा गावच्या घरात एकटे राहिले. मुग्धाच म्हणाली, "त्यांना इथं आणू या." ती पुण्याची. सासऱ्यांचं मालवणी तिला पहिली काही वर्षं टप्प्याटप्प्यानं कळत असे, पण जीव खूप होता. आम्ही त्यांचा कुटुंबाच्या व्हिसावर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, केला आणि त्या हिवाळ्यात ते आले. निवृत्त गवंड्याला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करण्यासारखं काय असतं? ते बाथरूमच्या टाइल्स बोटानं वाजवून पाहत. पोकळ वाजली की मान हलवत. आमच्या घरात सतरा टाइल्स पोकळ आहेत, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं.

मेक्सिकोची कल्पना डॉक्टरांची. ते हाडांचे डॉक्टर. मी काढलेले फोटो ते वाचतात, असा आमचा अकरा वर्षांचा संबंध. सहलीचा कार्यक्रम त्यांनी छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून प्रत्येकाला एकेक प्रत दिली होती. त्यावर वर ‘हेरिटेज टूर’ असं लिहिलं होतं. माया लोकांवर माझ्याकडे कपाटाचा अर्धा खण भरेल इतकी पुस्तकं होती आणि सईच्या शाळेत त्या वर्षी तोच प्रकल्प होता, त्यामुळे मी नाही म्हणू शकलो नाही. बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. व्हिसाच्या अर्जात त्यांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘निवृत्त’ लिहिलं. फार सोयीचा शब्द आहे तो. कशातून, हे कोणी विचारत नाही.

*

कानकुनहून आम्ही पहिल्यांदा गेलो ते चिचेन इत्झाला. मोठा पिरॅमिड, त्याच्यासमोर हिरवळ, आणि हिरवळीवर जगभरचे लोक टाळ्या वाजवत उभे. तिथल्या वाटाड्यानं सांगितलं होतं की पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की तिचा प्रतिध्वनी एका पवित्र पक्ष्याच्या आवाजासारखा येतो. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकलं. वहिनींनी व्हिडिओ घेतला. मी तो पक्षी कधी ऐकलेला नसल्यामुळे मला ती टाळीच वाटली.

"आजो, डिड यू हिअर द बर्ड?" सईनं विचारलं.

बाबा पिरॅमिडकडे पाहतच नव्हते. बाजूच्या एका बुटक्या ओट्यापाशी ते वाकले होते आणि दोन दगडांमधल्या फटीवर अंगठा फिरवत होते. "ह्यो दगड खंयसून आणल्यानी?" त्यांनी मला विचारलं. मी पुस्तकातलं सांगितलं. हा चुनखडीचा प्रदेश, दगड इथलाच, लोखंडाची हत्यारं नव्हती, गाडीची चाकं नव्हती.

"लोखंड नाय?" त्यांनी अंगठा तिथंच ठेवला. "मगे ही धार दगडानंच काढल्यानी. सांधो बघ. सुरयेचो पातो जावचो नाय ह्येच्यात."

मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला. भिंत सरळ आहे का ते पाहायचा, पितळेचा, लिंबाएवढा, दोरी गुंडाळलेला. विमानतळावर तीन ठिकाणी त्यानं आम्हाला बाजूला काढलं होतं. तो त्यांनी ओट्याच्या कोपऱ्याशी धरला आणि श्वास रोखून उभे राहिले. सईही श्वास रोखून उभी राहिली. ओळंबा डोलला, स्थिर झाला.

"इतक्या वर्सांनी," बाबा म्हणाले, "एका बोटाचो फरक." त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेलं काहीतरी होतं. शेजारच्या गावातल्या आपल्यासारख्याच कारागिराचं काम पाहावं तसे ते त्या भिंतीकडे पाहत होते. इतक्यात रखवालदाराची शिट्टी आली. आम्ही तिघंही हसत मागे सरलो. हसण्यात मीही होतो, हे मला आवर्जून आठवतं.

त्या दिवशी परतताना बसमध्ये ते सईला चुन्याबद्दल सांगत होते. शिंपले भाजून चुना कसा करायचे, तो किती दिवस भिजवायचा. "आमी त्येच्यात गूळ नि हिरडो घालू." सई वहीत लिहून घेत होती. हिरड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. अर्धा खण पुस्तकं वाचलेला माणूस मी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वाय्यादोलिदमध्ये जेवायला थांबलो. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला चर्च, बाकी तिन्ही अंगांना कमानी, आणि कमानींच्या सावलीत टेबलं. घरं फिक्या गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगांची. बाकांवर म्हातारी माणसं बसली होती आणि त्यांना कशाचीच घाई नव्हती. मक्याच्या भाकऱ्या आल्या. बाबांनी एक हातात घेऊन, उलटी करून पाहिली आणि खूश झाले. वहिनींनी पर्समधून लसणाची चटणी काढली.

डॉक्टर त्या दिवशी रंगात होते. आपले वडील कॉलेजचे प्राचार्य कसे होते, त्यांच्या निरोपसमारंभाला कोणकोण आलं होतं, असं सांगत होते. मग बाबांकडे वळून त्यांनी अगदी सहज, आपुलकीनं विचारलं, "काका, तुम्ही पूर्वी कुवेतला होतात असं हे परब म्हणाले. कुठल्या कामावर होतात?"

बाबांनी तोंडातला घास संपवला. पाण्याचा घोट घेतला. ते उत्तर देणार होते.

"साइट इंजिनियर होते," मी म्हणालो. "सबाह अल-सालेमची कामं चालली होती ना तेव्हा."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. मी मनात घोकलेलं नव्हतं. लोकांच्या पदव्यांची, शाल-श्रीफळांची, नावापुढच्या अक्षरांची टिंगल करण्यात माझी हयात गेलेली. आणि एका प्राचार्यांचं नाव टेबलावर आलं म्हणताच मी माझ्या बापाला बढती देऊन मोकळा झालो.

"बट आजो वॉज—" सईनं मान वर केली.

"सई, पाणी दे जरा," मुग्धा म्हणाली.

"वा, इंजिनियर!" डॉक्टर म्हणाले. "मग तुम्हाला तर हे सगळं आमच्यापेक्षा जास्त दिसत असणार."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की काय, अशा शंकेनं माणूस पाहतो तसं पाहिलं. मग त्यांनी कागदी रुमाल घेतला आणि त्याची घडी घालायला लागले. चार पदरी, आठ पदरी, पुढे घडी बसेना तोवर. बाबांच्या गोष्टींमध्ये साइट इंजिनियर हे पात्र असे. ते गाडीतून उतरत नसे. काच खाली करून, बोट दाखवून, काच वर करून जात असे. आम्ही लहानपणी त्याला खूप हसायचो.

जेवण झाल्यावर मुग्धा मला कमानीच्या खांबाआड म्हणाली, "एकदा सांगून टाक ना. चुकून बोललो म्हण."

"आता काय सांगू? त्यात एवढं काय आहे?"

"एवढं काही नसेल तर सांग की मग."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या. पुढचे चार दिवस माझ्याजवळ हे एवढंच काम होतं आणि ते मला जमलं नाही.

*

उश्माल या माया शहरासाठी मला पुस्तकांनी तयार केलं होतं, तरी ती तयारी तिथं कमी पडली. लांबच लांब वाडे, खालचा भाग साधा, वरच्या अर्ध्यात दगडी जाळीचं, मुखवट्यांचं इतकं काम की डोळा ठरत नाही. पायऱ्यांवर घोरपडीएवढे सरडे उन्हात बसलेले. एका ठिकाणी दर्शनी दगडांचा थर ढासळला होता आणि आतला भराव दिसत होता. ओबडधोबड खडे, चुना, माती. बाहेरून राजवाडा, आतून गडग्याची, म्हणजे आमच्याकडच्या रचीव कुंपणाची, भर.

बाबा तिथं थांबले. हात पाठीमागे बांधलेले. "क्लॅडिंग," ते म्हणाले. कुवेतमधल्या त्यांच्या दर्शनी थराच्या कामाचा एकच शब्द, मला उद्देशूनही नव्हे. एरवी या शब्दावर आम्ही दोघं अर्धा तास बोललो असतो. राजे इथूनतिथून सारखेच, दिखाऊ थर वर आणि भराव आत, वगैरे माझे आवडते सिद्धान्त मी मांडले असते. त्या दिवशी माझ्याकडे सिद्धान्त नव्हता.

"काका, इंजिनियर म्हणून तुमचं काय मत? एवढी वर्षं कसं टिकलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चांगला केल्यानी म्हणान टिकला," बाबा म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

वाड्याच्या मागच्या बाजूला डागडुजीचं काम चालू होतं. दोन माणसं परातीसारख्या भांड्यात चुना कालवत होती. त्यांतला एक बाबांच्याच वयाचा असेल. बुटका, रुंद, केस अजून काळे. शेजारी बादलीत कसल्यातरी झाडाच्या साली भिजत घातल्या होत्या आणि ते लालसर पाणी तो चुन्यात ओतत होता. बाबा दोरीच्या अलीकडे उभे राहिले. मग दोरीखालून पलीकडे गेले. त्या माणसानं वर पाहिलं. बाबांनी सालींच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं, तुरट. तो माणूस हसला. बाबांनी हातानं काहीतरी मोठं गोल दाखवलं, गुळाची ढेप असणार, आणि ती चुन्यात टाकल्याची खूण केली. त्यानं मान डोलावली. त्यानं थापी पुढे केली. बाबांनी ती घेतली.

डॉक्टर आणि वहिनी वळणावरून येताना मला दिसले. गुडघ्यावर बसून थापी मारणारा साइट इंजिनियर त्यांना दिसला असता.

"बाबा, चला," मी ओरडलो. "बस सुटेल."

बस सुटायला तास होता. बाबांना ते माहीत होतं, कारण घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. ते उठले, थापी पुसून परत दिली. मी पाठ फिरवून चालायला लागलो. ते मागून जरा वेळानं आले. परतीच्या विमानतळावर तपासणीला त्यांना कोणी बाजूला काढलं नाही, तेव्हा मी विचारलं, "ओळंबा कुठं आहे?"

"दिलंय एकाक," ते म्हणाले.

*

शेवटचं गाव इसामाल. सगळं गाव एकाच पिवळ्या रंगात रंगवलेलं. मधोमध प्रचंड मठ, त्याच्यापुढे कमानींनी वेढलेलं अंगण. तो मठ जुना पिरॅमिड पाडून, त्याच्याच दगडांनी, त्याच्याच ओट्यावर बांधलेला आहे. काही दगडांवरची जुनी नक्षी अजून दिसते. माझ्या पुस्तकात यावर चाळीस पानांचं प्रकरण होतं.

बाबांनी नक्षीच्या दगडाकडे दुरून पाहिलं. "ज्येंचा पाडल्यानी, त्येंकाच बांधूक लावल्यानी असतला," ते म्हणाले. प्रकरण संपलं.

दुपारी मी आणि मुग्धा सईला घोडागाडीतून फिरवायला घेऊन गेलो. परतलो तेव्हा बाबा आणि डॉक्टर मठाच्या कमानीखाली पायरीवर बसले होते. डॉक्टरांची टोपी मांडीवर होती. बाबा बोलत होते आणि डॉक्टर, जे सहसा कोणाला बोलू देत नाहीत, ऐकत होते. मी भरभर पुढे झालो. पण आम्ही जवळ गेल्यावर डॉक्टर उठून म्हणाले, "या परब. तुमच्या इंजिनियर वडिलांकडून शिकतोय मी." अजून माझी अब्रू शाबूत होती.

कुवेतला परतलो तेव्हा दिव्यांच्या माळा उतरत होत्या. बाबा म्हणाले, "माका आता गावाक धाड." आम्ही पुष्कळ समजावलं. ते ऐकेनात. जायच्या आधी एका दुपारी डॉक्टर गाडी घेऊन आले आणि त्यांना चहाला म्हणून घेऊन गेले. तीन तासांनी आणून सोडलं. मी धास्तावलेलाच होतो. "काय केलंत एवढा वेळ?"

"चाय पिलंय. फिरलंय." बूट काढता काढता ते म्हणाले, "बरो माणूस आसा तुझो डाक्टर."

मार्चच्या पहिल्या धुळीच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. सहा महिने देशाबाहेर राहिलं की इकामा आपोआप रद्द होतो, तसा तो झाला. फोनवर आम्ही दर शुक्रवारी बोलायचो. पाऊस, आंबे, गुडघा. दोन वर्षं अशी गेली. मग शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोहोचेपर्यंत लोकांनी वाट पाहिली होती, एवढे त्यांचे उपकार. अग्नी मी दिला.

परत आल्यावर डॉक्टर आणि वहिनी घरी भेटायला आले. निघताना डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इंजिनियर काका फार सरळ माणूस."

तेव्हा तरी सांगायचं. लपवण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं. मी "हो" म्हणालो.

*

या वर्षी डॉक्टर कायमचे पुण्याला निघाले. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेलं स्मृतिचिन्ह, सहा भाषणं. पाचव्या भाषणात त्यांना ‘अस्थिरोगाचा दीपस्तंभ’ म्हटलं गेलं आणि मी मनातल्या मनात त्याचा एक्स-रे काढत बसलो. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "परब, शुक्रवारी सकाळी मोकळे आहात? तासाभराचं काम आहे."

गाडीत बसल्यावर त्यांनी लगेच गाडी सुरू केली नाही.

"मी एका माणसाला शब्द दिला होता," ते म्हणाले. "सात वर्षं पाळला. आता मी चाललो. मोडला नाही तर ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल आणि मग ती कोणालाच माहीत राहणार नाही. तुमच्या वडिलांनी इसामालला मला सगळं सांगितलं होतं."

मी काचेतून समोर पाहत राहिलो. समोरच्या गाडीच्या बॉनेटवर झेंडा होता.

"ते म्हणाले, ‘डाक्टर, मी गवंडी. माझ्या नावावर दुसऱ्याचा काम नको, म्हणान सांगतंय.’ आणि मग म्हणाले, ‘पण झिलाक सांगू नका तुमका म्हायत आसा म्हणान. त्येका लाज वाटतली.’" झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. डॉक्टरांना मालवणी येत नाही, पण ही दोन वाक्यं त्यांनी जपून ठेवली असावीत. "म्हणून मी आपला इंजिनियर इंजिनियर म्हणत राहिलो. ते गेल्यावरसुद्धा. मला वाटलं, तेव्हा तरी तुम्ही बोलाल."

"हो," मी म्हणालो.

"मग त्यांनी विचारलं, कुवेतला गेल्यावर एकदा सबाह अल-सालेमला न्याल का. मी म्हटलं, परब नेतील की. म्हणाले, त्याला विचारलं होतं, पण तो कामात असतो."

विचारलं होतं. ते आले त्याच आठवड्यात, "एकदा सबाहाक जावन येवया," असं म्हणाले होते. मी पुढचा शुक्रवार सांगितला होता. नंतरच्या शुक्रवारी पुढचा. मेक्सिकोला जायचं म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडायची. त्याची तयारी मी तीन महिने केली. सबाह अल-सालेम आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

डॉक्टरांनी गाडी चालू केली. त्या दुपारी बाबांनी त्यांना तीन जागा दाखवल्या होत्या. खुणा डॉक्टरांनी डायरीत लिहून ठेवल्या होत्या. ते प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतात, ज्याची मी वर्षानुवर्षं चेष्टा केली. पहिल्या जागी जुनं घर पाडून नवीन चार मजली उभं राहत होतं, रोमन खांबांचं. दुसऱ्या घराच्या भिंतींवर वरून गुळगुळीत राखाडी फरशा बसवलेल्या होत्या. आत काय आहे ते आता क्ष-किरणांनाच दिसलं असतं.

तिसरी जागा मागच्या गल्लीत. घर साधंच, पण त्याच्याभोवती खांद्याएवढी दगडी कुंपणभिंत. वाळूच्या रंगाचा घडीव दगड, वर दगडांचीच पट्टी. कोपऱ्यावर भिंत काटकोनात न वळता गोल वळली होती आणि त्या वळणातला एकेक दगड वेगळ्या मापाचा घडवलेला होता. "इथं ते बराच वेळ उभे होते," डॉक्टर म्हणाले. "हा कोपरा त्यांनी स्वतःच्या मनानं गोल केला म्हणाले. मुलं सायकलवर येतात, आपटू नयेत म्हणून. त्या आठवड्यात इंजिनियरनं बोट दाखवून तो पाडायला सांगितलं होतं. घरमालकीण मध्ये पडली, म्हणून राहिला."

आत एक इजिप्तचा हारिस, म्हणजे घराचा रखवालदार, गाडी धूत होता. दोन परकी माणसं आपल्या भिंतीकडे बघताहेत म्हटल्यावर तो पाइप बंद करून बाहेर आला. काय पाहिजे, त्यानं अरबीत विचारलं. माझी अरबी एक्स-रेच्या खोलीतली. श्वास घ्या, श्वास रोखा, हलू नका, झालं. तेवढ्यात जमेल तसं मी सांगितलं की ही भिंत माझ्या वडिलांनी.

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "अबूक मुहंदिस?" वडील इंजिनियर होते का, असं तो विचारत होता.

डॉक्टर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला लागले.

"ला," मी म्हणालो. नाही. "बन्ना." गवंडी. तो शब्द मला येत होता. गवंड्यांच्या मोडलेल्या बोटांचे किती फोटो मी काढले असतील. तरीही, त्याला कळलं नसेल तर, म्हणून मी एका हातावर दुसरा हात ठेवून दगडावर दगड दाखवला.

ते आता कुठं असतात, त्यानं विचारलं. ते वारल्याचं मी सांगितलं.

"अल्ला यर्हमू," तो म्हणाला, देव त्यांच्यावर दया करो. मग त्यानं भिंतीला टेकवून ठेवलेली बादली आणि झाडू उचलला आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून बाजूला नेऊन ठेवला.